कुठेतरी पाणी मुरत होते

मराठीतले वाक्प्रचार शिकवताना मी दरवर्षी पाण्यापाशी थोडा रेंगाळतो. आपल्या भाषेने पाण्याला जितके राबवले आहे तितके दुसऱ्या कुठल्या पदार्थाला राबवले असेल असे मला वाटत नाही. आपण प्रतिस्पर्ध्याला पाणी पाजतो, शत्रूचे पाणी जोखतो, बुडालेल्या पैशांवर पाणी सोडतो, आणि परीक्षेच्या दिवशी आपल्याच तोंडचे पाणी पळते. यांतला ‘पाणी मुरणे’ मला विशेष प्रिय. दिसत तर काही नाही, पण कुठेतरी काहीतरी चालले आहे, एवढा मोठा संशय दोन शब्दांत मावतो! वीस वर्षे मी तो मुलांना समजावून देत आलो. मला स्वतःला तो समजला एप्रिल २०२४ मध्ये, कात्रजच्या जुन्या घाटात, सकाळी साडेदहाच्या सुमारास.

आमच्याकडे बाबांची जुनी फियाट आहे. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी; पण महाराष्ट्रात तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीची ही गाडी. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ती फियाटच्या नावाने निघू लागली आणि पद्मिनी हे नाव पुढच्या दशकात मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने अर्ध्या शहराला घरी पोचवले. त्यांतली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मोठमोठे मृत्युलेख लिहिले. आमची मात्र हयात आहे. बाबा पाटबंधारे खात्यात होते. पैसे भरून, क्रमांक लावून, चांगली काही वर्षे थांबून त्यांनी ती १९८६ साली घरी आणली आणि पहिल्याच रविवारी आम्हां सर्वांना घालून वाईला नेली, सासऱ्यांना दाखवायला. आजोबांनी बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले होते, एवढे मला आठवते. मी सहा वर्षांचा होतो.

बाबा २०२१ साली गेले. त्यानंतर दर रविवारी गाडी सुरू करून कॉलनीच्या टोकापर्यंत नेऊन आणणे आणि दर पाच वर्षांनी तिच्या फेरनोंदणीसाठी रांगेत उभे राहणे एवढीच माझी तिच्याशी सोयरीक.

आणि मग एक दिवस आई म्हणाली, “मला एकदा वाईला ने. आपल्या गाडीनं.”

सौभाग्यवतीची नवी गाडी दारात उभी होती. “आई, तिच्यात एसी आहे. दोन तासांत पोचाल,” ती म्हणाली.

“आपल्या गाडीनं म्हणजे आपल्या गाडीनं,” आई म्हणाली आणि तुळशीला पाणी घालायला निघून गेली.

या हट्टामागे एक जुने दुखणे होते, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २००८ साली वाईच्या घराच्या वाटण्या झाल्या. त्या वेळी बाबा आणि मामा यांच्यांत काही बोलाचाली झाली. फार मोठी नव्हे. चार माणसांत होते तेवढीच. पण दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यानंतर बाबांनी वाईला गाडी नेणे बंद केले. कधी म्हणाले रजा नाही, निवृत्त झाल्यावर म्हणाले डोळ्यांना त्रास होतो. शहरात मात्र गाडी रोज चालत होती, म्हणजे डोळे शहरापुरते बरे होते. आईने यावरून जो अर्थ काढायचा तो काढला. ह्यांना आपले माहेर खुपते! बारा वर्षांत तिने हा विषय एकदाही काढला नाही. आणि ती ज्या रीतीने तो काढत नसे, त्यावरून तो घरात सतत असे. लग्नामुंजीला दोघे एस.टी.ने जाऊन दुसऱ्या एस.टी.ने परतत. आता मामा चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले होते आणि अंथरुणाला टेकले होते.

तर एप्रिलातल्या त्या सकाळी आम्ही निघालो. महामार्गावरच्या भरधाव मोटारींत आमची म्हातारी बावरते म्हणून मी जुना घाट धरला. तिसऱ्या वळणावर गुळाचा पाक करपावा तसा वास आला, आणि चौथ्या वळणावर बॉनेटच्या फटींतून वाफ. मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले, आणि रेडिएटरच्या झाकणावर फडके ठेवून हात घातला. तेवढ्यात मागून आलेल्या एका टेम्पोवाल्याने “ओ साहेब! हात नका लावू!” अशी आरोळी ठोकली. त्या भल्या माणसाचे नाव मी विचारले नाही, याची मला आजही खंत आहे. झाकणाखाली दाबलेले उकळते पाणी असते; झाकण सैल होताच ते कारंज्यासारखे तोंडावर येते. “अर्धा तास काही करू नका. नि गार पाणी तर अजिबात ओतू नका. तापलेल्या हेडवर गार पाणी म्हणजे कढईवर पाण्याचा हबका. तडकेल.” एवढे सांगून तो गेला. आई दगडावर बसून समोरच्या डोंगराकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर मला नीट वाचता न आलेले काहीतरी होते.

गाडी दोराने बांधून परत आणली. घराजवळच्या गॅरेजवाल्याने एक नजर टाकून निकाल दिला, “सर, इंजिन संपलंय. भंगारात द्या.” मी हे आईला सांगितले. ती काहीच बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा अनुभव घरात सर्वांना आहे. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी मी नाना पेठेत एका म्हाताऱ्या मिस्त्रींचा पत्ता काढत गेलो. उभा जन्म त्यांनी फियाटींत घालवलेला.

मिस्त्री अवजारे न घेताच आले. गाडी रात्रभर थंड झालेली होती. त्यांनी झाकण उघडून आत बोट बुडवले आणि बाहेर काढले. बोटाला गेरूसारखा चिखल. मग त्यांनी तो अंगठ्यावर चोळून पाहिला. “तेलकट नाही. हे बरं आहे. तेल आणि पाणी एकत्र झालं असतं तर सायीसारखा फेस दिसला असता.” इंजिन चालू करून ते उघड्या तोंडातून पाण्याकडे टक लावून पाहत राहिले. बुडबुड्यांची माळ लागली असती तर हेडखालचे गॅस्केट फाटले असे समजायचे. माळ लागली नाही. शेवटी त्यांनी इंजिन बंद केले, पंखा थांबल्याची खात्री केली आणि रेडिएटरच्या जाळीवरून, तापलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा, तळहात फिरवला. “इथं गरम. इथं गार. इथं खाली तर अगदीच गार. मास्तर, इंजिन संपलेलं नाही. ह्याच्या नळ्या बुजल्यात. आत गंज आहे.”

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. मी मराठीचा प्राध्यापक असलो तरी या बाबतीत महिनाभर विद्यार्थी होतो. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलपैकी फार थोड्याचे चालण्यात रूपांतर होते, बाकीची उष्णताच. तिचा बराच मोठा भाग इंजिनाच्या ठोकळ्यातल्या पोकळ्यांतून फिरणारे पाणी उचलते, पुढे रेडिएटरकडे नेते, आणि तेथे बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्याला देऊन टाकते. पाणी मग पंपाने पुन्हा आत. १८८६ सालच्या बेंझच्या गाडीत ही सोय नव्हती; तिचे पाणी सरळ उकळून उडून जाई आणि पुन्हा भरावे लागे. पाण्याचे फार बारीक भाग केले की ते झटकन निवते, ही युक्ती विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने १९०१ च्या मर्सिडीझमध्ये पूर्णत्वाला नेली. त्याने एका रेडिएटरात ८,०७० नळ्या बसवल्या होत्या! पण नळी जितकी बारीक तितकी ती लवकर बुजते, हे त्या युक्तीचे दुसरे अंग. गृहिणींना हे सांगायला नको. चहाच्या गाळणीचेही तेच असते.

आता गाडी गॅरेजात न्यायची म्हणून मी ती रिकामी करायला घेतली. डॅशबोर्डच्या कप्प्यात बाबांची एक वही निघाली. निळ्या पुठ्ठ्याची, सरकारी. पाटबंधारे खात्यातल्या माणसाने आयुष्यभर कालव्याच्या पाण्याच्या नोंदी केलेल्या. त्याने गाडीच्या पाण्याच्याही केल्या होत्या. जुलै १९८७ : अर्धा तांब्या. ऑगस्ट : अर्धा तांब्या. पाने उलटत गेलो तशा नोंदी दाट होऊ लागल्या. मी ती वही मिस्त्रींना दिली. डॉक्टरांनी जुने केसपेपर चाळावेत तशी त्यांनी ती चष्मा लावून चाळली.

“वडिलांनी रोगाचा तक्ताच लिहून ठेवलाय की! हे बघा. पहिली दहा-बारा वर्षं महिन्याला अर्धा तांब्या. १९९९ पासून दर रविवारी एक. २००९ साली, निघताना रोज. पाणी कुठलं घालायचे?”

“कॉलनीतल्या बोअरचं. सकाळी पूजा झाली की तोच तांब्या घेऊन खाली यायचे.”

मिस्त्रींनी डोळे मिटून मान हलवली. बोअरचे पाणी म्हणजे चुना. चहाच्या पातेल्यात जो पांढरा थर धरतो तोच इंजिनाच्या आतून धरतो आणि थर आला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. त्यात ठोकळा बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे, रेडिएटर तांब्यापितळेचा. क्षारयुक्त पाण्यात तीन धातू एकत्र बुडवले की त्यांचा विद्युतघटच होतो आणि धातू झिजू लागतात. पण सगळ्यांत वाईट गोष्ट निराळीच होती. लोखंडाला गंजायला पाण्याबरोबर प्राणवायूही लागतो. एकदा भरलेल्या पाण्यातला प्राणवायू संपत येतो आणि गंज मंदावतो. ताजे पाणी ताजा प्राणवायू आणि ताजा चुना घेऊन येते. म्हणजे असे : गंजाने नळ्या बुजत, म्हणून गाडी तापे, तापे म्हणून पाणी वाफ होऊन बाहेर जाई, पाणी जाई म्हणून बाबा आणखी घालत, आणि घातलेल्या प्रत्येक तांब्याने गंज वाढे. तुळशीला घालावे तितक्या श्रद्धेने घातलेले पाणी!

आणि मी तरी काय केले होते? तीन वर्षे दर रविवारी त्याच बोअरची बाटली ओतत होतो. बाबांनी निदान वही ठेवली होती.

“हे एक पान तुम्ही वाचा,” मिस्त्री म्हणाले आणि वही माझ्याकडे फिरवली. “ह्याचा गाडीशी संबंध नाही.”

बाबांचे अक्षर बारीक आणि सरळ. ‘१० मे २००९. वाईस जाताना खंबाटकीत तापली. वळणावर तीस मिनिटे. तीन तांबे. हिला म्हटले, डोंगर पाहू. सांगितले नाही, घाबरेल.’ आणि त्याखाली, एक ओळ सोडून, ‘यापुढे घाट नको.’

मी वही खिशात घातली. काय बोलावे सुचेना, तेव्हा “मग, कामाला कधी लागायचं?” असे काहीतरी विचारले.

काम दहा दिवस चालले. आधी आतले सगळे पाणी खालच्या तोटीने सोडायचे, तर तोटीतून थेंब येईना. तोंडाशीच चिखल बसलेला. तारेने टोचल्यावर प्रथम एक गुळणी आली आणि मग विटकरी रंगाची धार. ठोकळ्याच्या कुशीला वाटीच्या आकाराची पत्र्याची टोपणे असतात, ती मिस्त्रींनी ठोकून काढली. आत, चौथ्या सिलिंडरच्या मागे, जेथे पाण्याचा ओघ मंद पडतो, तेथे गाळ बसला होता. नदीचा गाळ जसा वळणाला बसतो तसाच. वाकवलेल्या तारेने, चमच्याने, शेवटी बोटाने तो काढला. वर्तमानपत्रावर त्याचा ढीग झाला. दोन ओंजळी भरतील एवढा. सुकल्यावर तो हलका झाला आणि अंगणातल्या लाल मातीसारखा दिसू लागला. मिस्त्रींचा पोऱ्या तो फेकायला निघाला, तेव्हा मी त्याला उगीचच “थांब” म्हटले. का म्हटले ते मलाही सांगता आले नसते. बाबांच्या हाताने घातलेले पस्तीस वर्षांचे पाणी त्यात होते. मग थोड्या वेळाने मीच तो नेऊन टाकला.

धुण्याची रीत उलटी असते, हे मला नवीन होते. पाणी नेहमी ज्या दिशेने वाहते त्याच दिशेने जोर लावला तर गाळ अधिकच घट्ट अडकतो. म्हणून नळी उलट्या तोंडाला लावायची. साधे पाणी स्वच्छ येऊ लागल्यावर मिस्त्रींनी पाव किलो लिंबूसत्त्व मागवले. पापड-लोणच्यांत घालतात तेच. कोमट पाण्यात विरघळवून ते आत भरले, इंजिन अर्धा तास चालवले, निवू दिले आणि सोडले. काळपट हिरवे पाणी आले. पुन्हा भरले. दुसऱ्या खेपेस रंग फिका झाला. त्यानंतर साध्या पाण्याने पुन्हापुन्हा धुतले. लिंबूसत्त्व आत राहिले तर गंज संपल्यावर ते धातूलाच लागते. जुने कारागीर यासाठी कॉस्टिक सोडा वापरत, असे मी कुठेतरी वाचले होते. ते ज्ञान पाजळताच मिस्त्री म्हणाले, “बिडाला चालेल. अ‍ॅल्युमिनियमचं हेड खाऊन टाकेल तो. तुम्ही व्याकरण बघा, मास्तर.”

रेडिएटर मात्र अशा औषधाने सुधारण्यापलीकडे गेला होता. भवानी पेठेतल्या एका रेडिएटरवाल्याने त्याची वरची टाकी डाख वितळवून काढली, आणि चपट्या पट्ट्या एकेका नळीतून आरपार घातल्या. जवळजवळ एक तृतीयांश नळ्या पूर्ण बुजलेल्या निघाल्या. मग टाकीला पुन्हा डाख लावला, तोंडे बंद करून हवा भरली आणि सायकलची ट्यूब पाहतात तसा सबंध रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवला. एके ठिकाणी बुडबुडे आले. तेथे आणखी डाख. पाण्याचा पंप उघडला तर आतल्या पंख्याच्या पाती गंजून निम्म्या झाल्या होत्या. तो नवा घेतला. रबरी नळ्या, त्यांच्या क्लिपा, पंख्याचा पट्टा, सगळे नवे. गाडीत तापमान दाखवणारा काटा होता तो बाबांच्या हयातीतच मेला होता. “आजाऱ्याच्या घरात थर्मामीटर पाहिजे,” असे म्हणून मिस्त्रींनी स्टिअरिंगजवळ एक वेगळा गोल काटा बसवून दिला.

उरला थर्मोस्टॅट. ही अंगठ्याएवढी वस्तू म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा दारवान. इंजिन गार असते तोवर हा दार लावून घेतो, म्हणजे ते लवकर ऊन होते. पाणी पुरेसे तापले की उघडतो. आत मेणाची कुपी असते. मेण वितळून फुगते आणि दार ढकलते. आमच्याकडे हवा उष्ण, मग हा हवा कशाला, असे म्हणून पुष्कळ लोक तो काढूनच टाकतात. मिस्त्रींना हे मान्य नव्हते. कायम गार राहिलेले इंजिन पेट्रोल जास्त पिते आणि लवकर झिजते. त्यांनी जुना आणि नवा असे दोन्ही माझ्या हातांत दिले. “घरी नेऊन पातेल्यात उकळा. नवा आहे म्हणून विश्वास ठेवू नका.”

तेव्हा आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांकडून प्रयोगशाळेतला थर्मामीटर मागून आणला, आणि रविवारी सकाळी आईच्या स्वयंपाकघरात पातेले चढवले. दोन्ही थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून चमच्यावरून आत सोडले, चहाच्या पुड्या सोडतात तसे. सौभाग्यवतीने ते पातेले पुन्हा स्वयंपाकात वापरायचे नाही असे जाहीर केले. कन्या थर्मामीटर वाचत होती. ऐंशीच्या पुढे काटकोळी दोन अंश गेल्यावर नव्याचे दार हळूच उघडले. जुना ढिम्म. पाणी खळखळून उकळू लागले तरी ढिम्म.

“बाबा, अठ्ठ्याण्णवच दाखवतोय. बिघडलाय का?” कन्येने विचारले.

बिघडला नव्हता. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. येथे पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळते. महाबळेश्वरला शहाण्णवही गाठत नाही. म्हणजे घाट चढताना इंजिनाचे श्रम वाढतात आणि पाणी मात्र लवकर उकळायला बसते. म्हणून रेडिएटरच्या झाकणाला स्प्रिंग आणि रबर असते. आत दाब राहतो आणि पाणी शंभराच्या पुढेही उकळत नाही. सरळ प्रेशर कुकर. आमच्या झाकणाचे रबर चिरले होते. रिंग गेलेल्या कुकरात डाळ शिजत नाही, हे आईला समजावून सांगावे लागले नाही.

“म्हणजे घाटात तापायचीच,” ती म्हणाली.

तोच क्षण होता. मी वही आणून ते पान तिच्यापुढे धरले. तिने चष्मा शोधला, पुसला, लावला. दोन ओळी वाचायला तिला बराच वेळ लागला. पातेले उकळत होते. ते बंद करण्याचे कोणालाच सुचले नाही.

“त्या दिवशी ह्यांनी मला घाटात अर्धा तास डोंगर दाखवला,” ती म्हणाली. “हा पांडवगड, तो अमका, तो तमका. ह्यांना एकाचं नाव धड ठाऊक नव्हतं. मी मनात म्हटलं, माझ्या माहेरी पोचायला जितका उशीर होईल तितका ह्यांना हवाच आहे.”

मी गप्प राहिलो.

“गाडी तापते एवढं सांगायला काय झालं होतं?” तिचा आवाज एकदम चढला. “एस.टी. होतीच की! बारा वर्षं!” आणि पदर डोळ्यांना न लावता ती उठली, गॅस बंद केला आणि पातेले मोरीत ओतले. दोन्ही थर्मोस्टॅट खळ्ळकन पडले.

त्या दिवशी ती जेवली नाही. संध्याकाळी आपणहून खाली आली आणि उघड्या बॉनेटपाशी उभी राहून विचारू लागली, “आता ह्यात कुठलं पाणी घालणार?”

बोअरचे नाही, हे मी तिला सांगितले. आता कूलंट. इथिलिन ग्लायकॉल हा त्याचा मुख्य पदार्थ आणि त्यात गंजरोधक रसायने. ते निम्मे आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर निम्मे. थंड देशांत ते पाणी गोठू नये म्हणून घालतात. आपल्याकडे ते उकळायला उशीर लावते आणि गंज थोपवते, तेवढे पुरे. अधिक घातले तर अधिक चांगले, असे मात्र नाही. नुसते ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता उचलत नाही. आणि एक गोष्ट घरात लहान मुले व कुत्री-मांजरे असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी : ते चवीला गोड आणि जहाल विषारी असते. उरलेला डबा मी कपाटात कुलपाखाली ठेवला आहे. सांडलेले लगेच धुवावे.

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही वाईला निघालो. पुढच्या सीटवर आई, मांडीवर बाबांचा तो तांब्या, पाण्याने भरलेला, वर फडके बांधलेला. “ह्याची गरज नाही,” मी म्हटले. “असू दे,” ती म्हणाली. शिरवळ गेले, खंडाळा गेले, आणि खंबाटकीचा चढ लागला. पुण्याहून जाताना तेव्हा घाट चढावाच लागे. बोगदा होता तो परतीच्या वाटेला. मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो. मागून ट्रक हॉर्न वाजवत होते. आई रस्त्याकडे पाहत नव्हती, डोंगराकडेही नाही. ती काट्याकडे पाहत होती. काटा ऐंशीवरून पंच्याऐंशीवर गेला, तेथे थरथरला. एका वळणावर नव्वदीला शिवला. तिने तांब्यावरचे फडके सोडले. मग माथा आला आणि काटा हळूहळू खाली उतरला. तिने फडके पुन्हा बांधले.

सुरूरच्या फाट्यावरून वळून आम्ही वाईत शिरलो. मामा खाटेवर उठून बसले होते. “कशानं आलात?” त्यांनी विचारले. “आमच्या गाडीनं,” आई म्हणाली आणि त्यांच्या पायांशी बसून, प्रकृतीची चौकशी करायच्या आधी, कूलंट म्हणजे काय ते त्यांना सांगू लागली. मामांना ऐकू कमी येते. त्यांना सबंध तिसऱ्यांदा सांगून झाले तेव्हा कुठे ते म्हणाले, “म्हणजे तो माझ्यावर रागावला नव्हता?”

परत निघताना मी सवयीने गाडीखाली वाकून पाहिले. खालच्या नळीच्या जोडापाशी हिरवे तीन-चार थेंब पडले होते. नवी क्लिप बसताना थोडी सैलावते. स्क्रूड्रायव्हरने अर्धा आटा दिला आणि थेंब थांबले. पाणी टाकून जमीन धुतली. मग कप्प्यातली वही काढून बाबांच्या शेवटच्या नोंदीखाली लिहिले : ‘वाई. खंबाटकीत काटा नव्वद. पाणी घातले नाही.’

आईने वही हातांत घेतली, वाचली आणि परत दिली.

“ते खाली पडलेले थेंब? तेही लिही.”